‘चादरीच्या गावात हवेच्या गप्पा’ : एका प्रतिक्रियेला उत्तर

कोईमतूरच्या कारी रेसिंग ट्रॅकवर मागे विंग (हवेच्या जोरावर गाडीला खाली दाबणारी आडवी पट्टी) लावल्यावर माझ्या स्विफ्टचा लॅप टाइम (एका फेरीची वेळ) सव्वा सेकंदाने कमी झाला, असं मी ज्या लेखात लिहिलं, त्यावर एका वाचकांची प्रतिक्रिया आली आहे. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं: विंगच्या दाबाचा आकडा चुकला आहे, वेळ विंगमुळे नाही, नव्या टायरमुळे कमी झाली, पुढची चाकं ओढणाऱ्या गाडीला मागे विंग लावून उपयोग नाही, आणि शेवटी, “चादरीच्या गावात बसून हवेच्या गप्पा मारू नका, हवा पाहायला विंड टनेल लागतो.” (विंड टनेल म्हणजे वाऱ्याचा झोत सोडून वस्तूभोवतीची हवा तपासायचा बोगदा.)

आकड्याचं आधी. ताशी १०० किमीला ४० किलो दाब असं मी लिहिलं होतं. तो आकडा १५० चा. वेग दुप्पट झाला की दाब चौपट होतो, त्या हिशोबाने १०० ला साधारण १८ किलोच येतात. लेखात दुरुस्ती केली आहे, आभार. पण हेच दोन ओळींत नीट सांगता आलं असतं.

आता ते शेवटचं वाक्य. साहेब, तुम्ही ते सहज लिहिलं असेल, मला ते सहज घेता येत नाही. माझे वडील गिरणीत जॉबर (कामगारांवरचे मुकादम) होते. गिरणी बंद पडल्यावर त्यांनी दुसऱ्याच्या पॉवरलूमवर रात्रपाळ्या केल्या. सातवीत असल्यापासून मी त्यांचा डबा घेऊन जायचो आणि मागाशेजारी बसून राहायचो. धागा तुटला की तो डोळ्यांआधी त्यांच्या बोटांना कळायचा. सूत कुठे ताणलंय, कुठे ढिलं पडलंय, हे बघायला मी तिथे शिकलो.

आणि हवा मी सुतानेच पाहिली. बोटभर लांबीचे धागे कापले, छपरावर, मागच्या काचेवर आणि बंपरवर चिकटपट्टीने डकवले. रविवारी पहाटे तुळजापूर रस्त्यावर मित्र त्याच्या गाडीतून शेजारच्या लेनमध्ये शूटिंग करत राहिला. छपरावरचे धागे मागे सरळ झोपलेले होते. काचेवरचे मात्र गरगरत होते, काही तर उलटे पुढे वळलेले. म्हणजे हवा छपराच्या कडेपर्यंत नीट येते आणि तिथे गाडीला सोडून देते. माझी पहिली विंग नेमकी त्या काचेमागच्या भोवऱ्यात होती, नुसतं ओझं. मग एमआयडीसीतल्या फॅब्रिकेटरकडून उंच खांब करून घेतले, विंग छपराच्या वर वीतभर नेली, कोन कमी केला. विंगचं खरं काम तिच्या खालच्या बाजूला चालतं, म्हणून पुन्हा धागे लावले ते तिथेच. या वेळी ते सरळ राहिले. (रस्त्यावर विंग काढून ठेवतो, हेही सांगून टाकतो, नाहीतर त्यावरून पुढची प्रतिक्रिया येईल.)

विंड टनेल लागतो म्हणता. राइट बंधूंनी १९०१ मध्ये डेटनच्या आपल्या सायकल दुकानात विंड टनेल बांधला तो सहा फुटी लाकडी पेटीचा होता. तेव्हा त्यांना कुणी सांगितलं असतं का, की सायकलवाल्यांनी हवेच्या गप्पा मारू नयेत? मोठ्या शहरात राहिल्याने हवा जास्त कळते असं नाही. पाच वर्षं रजा साठवून, रात्रभर गाडी हाकत मी कोईमतूरला जातोय. माझं चुकलं तर चुकलं म्हणा, गावाला मध्ये आणू नका.

पुढच्या चाकांचं मी लेखात लिहिलंच होतं, तुम्ही वाचलेलं दिसत नाही. विंग मागच्या चाकांच्या आसाच्याही मागे असल्याने तिच्या दाबाने पुढचा भार थोडा उचलला जातो आणि गाडी वळणात बाहेर रेटते. म्हणून तर बंपरखाली १२ मिमी प्लायवूडचा स्प्लिटर (पुढचा भाग खाली दाबणारी आडवी फळी) लावला आणि तारांनी आवळला.

राहिले टायर. नवे होते, हो. छायाचित्राखाली तसं लिहिलंही आहे, तेव्हा लपवलं म्हणू नका. नवे टायर सगळेच घालतात. एकाच दिवशी, त्याच टायरवर, विंग काढून आणि घालून वेळ घ्या म्हणता. ट्रॅकचं भाडं, पेट्रोल, ब्रेक पॅड आणि रजा यांचा हिशोब एकदा करून बघा. वळणात गाडीची शेपटी स्थिर राहते की नाही हे स्टिअरिंग धरणाऱ्याला कळतं, आणि मला ते पहिल्याच लॅपला कळलं. बाकी मुद्द्यांवर बोलण्यासारखं काही नाही.

तुम्ही स्वतः कोणती गाडी, कुठल्या ट्रॅकवर चालवता, ते मात्र तुमच्या एवढ्या लांब प्रतिक्रियेत कुठेच सापडलं नाही. ते लिहा, मग स्प्लिटरची मापं पाठवतो.