भरिताच्या पंगतीत माझ्या भावाला हसलात, ते मी विसरणार नाही

काल रविवारी भरिताच्या पंगतीतून उठून आलो. पहिला घास तोंडात होता, तोही धड गिळला नाही. भरल्या ताटावरून उठायची आमच्या घरात पद्धत नाही आणि आईनं त्यावरून रात्री मला बोलूनही घेतलं. तरी मी उठलो ते बरोबरच केलं.

दरवर्षी जानेवारीत धरणगावकडच्या शेतात आमची भरीत पार्टी असते. कापसाच्या पऱ्हाट्यांचा जाळ, त्यात वांगी काळी होईस्तोवर भाजायची, सोलून लाकडी बडगीत ठेचायची, वर लसूण-मिरची, शेंगदाणे, कांद्याची पात, सोबत कळण्याची भाकरी. धाकटा भाऊ अमेरिकेत नोकरीला, त्याला तीन वर्षांत हे खायला मिळालं नव्हतं. मीच त्याला ओढून नेलं. तो यायला तयार नव्हता. "दादा, लोक विचारतील," म्हणाला. मी म्हटलं, अरे सगळी घरचीच माणसं, कोण काय विचारणार?

आईच्या मावसभावानं विचारलं. पंगत बसलेली, चाळीसेक माणसं, आणि मामा त्या टोकावरून ओरडले, "काय भो, हाकली दिधं का तुले त्यासनी?" सगळे हसले. भाऊ खाली मान घालून भाकरीचा तुकडा मोडत बसला. एवढ्यावर थांबले असते तर मी गिळून टाकलं असतं. पण मामांना लोक हसले की चेव येतो. "तव्हय तं ह्यूस्टनले गयेल व्हता ना? आते कसं वाटी ऱ्हायनं?" पुन्हा हशा. वाढायला आलेला पोरगासुद्धा हसत होता. माझ्या भावाची सहा वर्षांची पोरगी शेजारी बसून बघत होती, सगळे आपल्या बापाला का हसतायत ते.

मी भाकरी पत्रावळीवर टाकली आणि उभा राहिलो. जे तोंडाला आलं ते बोललो. सगळं इथं लिहिण्यासारखं नाही. पण जे बोलायचं राहिलं ते लिहितोय.

त्याला कोणी हाकललेलं नाही. त्याची नोकरी शाबूत आहे, तिथं राहून काम करायची मंजुरी अजून दोन वर्षांची आहे. फक्त पासपोर्टवरचा व्हिसाचा शिक्का ऑगस्टमध्ये संपला, आणि एकदा देशाबाहेर पाऊल टाकलं की नव्या शिक्क्याशिवाय परत आत जाता येत नाही. अमेरिकेत राहणाऱ्याला हा शिक्का अमेरिकेत मिळत नाही. पूर्वी लोक कॅनडा-मेक्सिकोत जाऊन दोन-चार दिवसांत काम उरकून यायचे. 2025 च्या सप्टेंबरपासून तेही बंद झालं. आपल्या देशात नाहीतर राहत्या देशात अर्ज करा म्हणे. राहत्या देशात तर शिक्का मिळतच नाही! मुलाखतीशिवाय नुसते कागद जमा करून काम व्हायचं, ती सोयही त्याच महिन्यात गेली. मग तो आला इकडे. 4 डिसेंबरला चुलतबहिणीचं लग्न होतं, आईचे डोळे दाखवायचे होते आणि 18 डिसेंबरची मुलाखत होती. 27 तारखेचं परतीचं तिकीट खिशात होतं.

8 तारखेला मुंबईला जाऊन नवरा-बायकोनं बोटांचे ठसे दिले. दुसऱ्या दिवशी मेल आला, मुलाखत पुढं ढकलली आहे, नवी तारीख 24 मार्च 2026. जुन्या तारखेला आलात तर आत घेणार नाही, हीसुद्धा तंबी. कारण काय, तर 15 डिसेंबरपासून एच-वन-बी (भावाचा नोकरीचा व्हिसा) आणि एच-फोर (त्याच्या बायकोचा) वाल्या प्रत्येकाचं फेसबुक, इन्स्टाग्राम तपासणार, म्हणून दिवसाला कमी माणसं घेणार. हा नियम जाहीर झाला तेव्हा हे लोक आधीच गावात येऊन पोचले होते. आणि खाती सगळ्यांना दिसतील अशी उघडी ठेवा, हीसुद्धा अट. आमच्या धाकट्या सुनेनं पोरीच्या बारशापासूनचे फोटो आजवर फक्त घरच्यांना दाखवले होते. आता मार्चपर्यंत ते कुणीही बघावेत. कोण कुठले लोक तिला मेसेज पाठवतात. ती फोन पालथा घालून ठेवते.

नोकरी अशी चालली आहे. रात्री आठला भाऊ माडीवर लॅपटॉप घेऊन बसतो आणि पहाटे पाचला खाली येतो. मध्येच लाईट जाते. कंपनीनं जानेवारीअखेरपर्यंत इथून काम करू दिलंय, त्यानंतर बिनपगारी रजा. तिकडं बंद पडलेल्या घराचं भाडं चालू, गाडीचा हप्ता चालू, विमा चालू. डॉलरमध्ये. हे मामांना कोण सांगणार? त्यांचा समज असा की अमेरिकेतल्या माणसाकडं पैसा झाडाला लागतो. गेल्या दिवाळीत त्यांनीच ट्रॅक्टरच्या हप्त्यासाठी याला फोन केला होता आणि यानं पैसे पाठवलेही होते. ते परत आले का, हे मी पंगतीत विचारलं. होय, चाळीस माणसांसमोर विचारलं.

पोरीचं सांगतो. येताना ती शाळेच्या ग्रंथालयातलं एक पुस्तक घेऊन आली, बेडकाच्या गोष्टीचं. आत चिठ्ठी आहे, परत करायची तारीख 9 जानेवारी. रोज संध्याकाळी ती ते पुस्तक काढते, चिठ्ठी बघते आणि माझ्याकडं येते. "मोठे बाबा, अजून किती दिवस?" तिचा जन्म तिकडचा, पासपोर्ट तिकडचा. आमच्या घरात ती एकटीच अशी आहे जी आज रात्रीच्या विमानानं जाऊ शकते. सहा वर्षांची! तिच्या आईबापांना मात्र 24 मार्चपर्यंत थांबायचंय, आणि ती तारीखही टिकेल याचा भरवसा कोण देणार?

आता ह्यूस्टनचं. हो, 'हाउडी मोदी'च्या सभेला गेला होता. 22 सप्टेंबर 2019, एनआरजी स्टेडियम, पन्नास हजार माणसं. डॅलसहून चार तास गाडी चालवत गेला होता आणि मला त्याची लाज वाटत नाही. आपल्या देशाचे पंतप्रधान मोदी आणि त्यांचे राष्ट्राध्यक्ष ट्रम्प हातात हात घालून मैदानाला फेरी मारतायत हे बघून परक्या मुलखात राहणाऱ्या माणसाचा ऊर भरून येणारच. वडिलांनी तो फोटो मोठा करून घेतला, पारावर नेऊन दाखवला. तेव्हा मामाच सगळ्यात पुढं होते, "आमचा भाचा" म्हणून. पुढं फेब्रुवारी 2020 मध्ये अहमदाबादेत मोटेराला तसाच सोहळा झाला. आणि त्याच वर्षी जूनमध्ये एच-वन-बीच्या नव्या व्हिसांवर वर्षअखेरपर्यंत बंदी आली. मिठी फेब्रुवारीत आणि बंदी जूनमध्ये. आमच्या घराला पहिला दणका तिथंच कळला.

दुसरा दणका मी मरेपर्यंत विसरणार नाही. मे 2021 मध्ये वडील करोनानं गेले. भावाचा शिक्का तेव्हाही संपलेला. इथल्या वकिलातींचं नेहमीचं कामकाज थांबलेलं आणि 4 मेपासून भारतातून अमेरिकेत जाण्यावर निर्बंध. आला असता तर किती महिने अडकला असता कुणाला ठाऊक, आणि अडकला असता तर नोकरी गेली असती. नोकरी गेली की साठ दिवसांत नवी शोधा नाहीतर देश सोडा. वडिलांना अग्नी मी दिला. एका हातात फोन धरून त्याला दाखवला. त्याचा चेहरा स्क्रीनवर होता आणि रेंज जाऊन तो मध्येच गोठला. तेव्हा मामांनी काय म्हटलं होतं? "डॉलर सुटना नही त्याले." तेव्हा मी गप्प बसलो. काल जे बाहेर पडलं त्यात ते साडेचार वर्षांचंही होतं.

मला परराष्ट्र धोरणातलं फार कळतं असं मी म्हणत नाही. मी कापूस पिकवतो. पण एवढं मला दिसतं की आमच्यासाठी काही मिळालंच तर ते दोन सरकारं एका टेबलावर नीट बसली तेव्हाच मिळालं. जून 2023 मध्ये मोदी वॉशिंग्टनला गेले, बायडेन यांच्याबरोबरच्या संयुक्त निवेदनात आलं की शिक्का अमेरिकेतच नवा करून देण्याचा प्रयोग करू. जानेवारी 2024 मध्ये तो सुरूही झाला, वीस हजार जणांसाठी. भावाचा शिक्का 2022 चा, त्यामुळं तो ठरवलेल्या तारखांत बसला नाही. म्हटलं ठीक आहे, पुढच्या खेपेला बसेल. पुढची खेप आलीच नाही. ही एक गोष्ट चालू राहिली असती तर आज तो डॅलसमध्ये असता आणि बेडकाचं पुस्तक 9 तारखेला शाळेत गेलं असतं.

त्यानंतर 2025. फेब्रुवारीत बेड्या घातलेली आपली 104 माणसं लष्करी विमानानं अमृतसरला उतरवली. ऑगस्टमध्ये आपल्या मालावर आधी 25 टक्के आयात शुल्क, मग रशियाच्या तेलावरून आणखी 25. सप्टेंबरच्या 19 तारखेला नव्या एच-वन-बी अर्जावर एक लाख डॉलर. त्या शनिवारी सकाळी भावाचा फोन आला, आवाज कापत होता. हे फक्त नव्या अर्जांना आहे हा खुलासा यायला एक दिवस लागला. तो एक दिवस आमच्या घरी चूल पेटली नव्हती.

आणि मामा, तुम्ही ज्या भांडणाला हसताय ना, ते तुमच्या वावरातूनच गेलंय. तुमच्या कापसाला काय भाव लागला यंदा? ऑगस्टमध्ये अमेरिकेचं शुल्क 50 टक्क्यांवर गेलं, कापड गिरण्यांची निर्यात अडचणीत आली. त्यांना दिलासा म्हणून परदेशी कापसावरचा 11 टक्के आयात कर आपल्या सरकारनं काढला. आधी 30 सप्टेंबरपर्यंत, मग 31 डिसेंबरपर्यंत. म्हणजे ऐन आपल्या वेचणीच्या दिवसांत. लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव 8,110 आणि व्यापाऱ्यानं माझ्या हातावर टेकवले सात हजार. तुमच्याही. खरेदी केंद्रावर नेला तर ओल जास्त म्हणून गाडी परत. त्या दिवशी तुम्ही चौकात उभं राहून शिव्या घालत होतात, मी शेजारीच होतो. तुमचा क्विंटलमागं हजार रुपये तोटा आणि माझ्या भावाचा मार्च एकाच भांडणातून आलेत. मग तुम्हाला हसू कसं येतं?

मला सगळ्यात जास्त चीड याचीच आहे. आपल्या लोकांनी याची क्रिकेटची मॅच करून टाकली आहे. रात्री नऊला टीव्ही लावायचा, कोण कुणाला भारी पडलं ते बघायचं, सकाळी स्टेटस ठेवायचं. मिठी मारली तेव्हा टाळ्या, रुसले तेव्हा "बरं झालं, दाखवून दिलं". यात कुणाचं पोरगं मध्ये सापडलंय याची कुणाला पडलेली नाही. आणि सापडलंच तर ऐकवायचं, "कोणी सांगितलं होतं जायला?" अरे, इंजिनिअर होऊन तो दोन वर्षं जळगाव-पुण्याच्या चकरा मारत होता, आठ हजारांची नोकरी कुणी दिली नाही. तेव्हा तुमच्यापैकी कोण उभं राहिलं होतं? वडिलांनी दोन बिघे विकले त्याला पाठवायला. त्या जमिनीवर आज दुसऱ्याची केळी आहे, मी रोज त्या बांधावरून जातो.

तेरा वर्षं तो तिथं कर भरतोय. ग्रीन कार्डाचा अर्ज 2018 चा. भारतीयांची रांग जानेवारी 2026 मध्ये 2013 च्या अर्जांवर होती, कारण कुठल्याही एका देशाला सात टक्क्यांच्या वर द्यायचं नाही असा त्यांचा कायदा. म्हणजे अजून कित्येक वर्षं दर तीन वर्षांनी हाच शिक्का, हीच धाकधूक. दोन्ही देशांची शिष्टमंडळं व्यापाराची बोलणी करतात, तेल, सोयाबीन, मका, सगळ्यावर बोलतात. माझं मागणं एकच आहे. त्या यादीत आमच्या शिक्क्याचीही एक ओळ लिहा. परराष्ट्र मंत्रालयाला मी मेल केलाय, आमच्या खासदारांच्या कार्यालयात अर्ज देऊन पोच घेतली आहे. पुन्हा देईन. रोज देईन.

आज सकाळी मामांच्या मुलाचा फोन आला. वडिलांच्या वतीनं माफी मागायला असेल असं वाटलं. त्याला विचारायचं होतं की पोराला तिकडं एमएसला पाठवायचंय, दादा जरा सांगतील का कुठलं कॉलेज चांगलं. मी फोन ठेवून दिला. भाऊ म्हणाला, "दे ना नंबर माझा, त्या पोराचा काय दोष?" असा तो आहे. आणि त्याला तुम्ही पंगतीत हसलात.

संक्रांत पुढच्या आठवड्यात आहे. मामा दरवर्षीसारखे तिळगूळ घेऊन आमच्या ओट्यावर येतील. आईला आत्ताच सांगून ठेवलंय, चहा तू कर, पाणी तू दे, मी समोर येणार नाही. आधी त्यांनी माझ्या भावासमोर उभं राहून बोलावं. पोरगीही तिथंच असेल.