‘एप्रिलमध्ये एकदाच धुवा’: एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार. मिनियापोलिसहून तुम्ही सविस्तर लिहिलंत, त्याबद्दल आभार. बर्फ वितळवायला रस्त्यावर टाकलेल्या मिठानं गाडी खालून गंजते, म्हणून हिवाळ्यातही ती धुवावी, असं मी लेखात लिहिलं होतं. तुमचं म्हणणं थोडक्यात असं: हिवाळ्यात गाडी धुणं व्यर्थ, दुसऱ्या दिवशी पुन्हा बरबटतेच. गरम गॅरेजात ठेवावी, एप्रिलमध्ये एकदाच नीट धुवावी. रत्नागिरीत समुद्राकाठी तुमच्या वडिलांची गाडी वर्षानुवर्षं टिकली, मग इथं एवढा बाऊ कशाला? आणि माझा लेख म्हणजे कार वॉशवाल्यांची जाहिरात.

बरबटते, हे खरंच. पण चकचकीत दिसण्याबद्दल मी लिहिलंच नव्हतं. वरचा रंग वॅक्सनं सांभाळला जातो, गाडी कुजते खालून: ब्रेकचे पाइप, सबफ्रेम (इंजिन आणि चाकं धरणारा खालचा सांगाडा), दारांच्या खालच्या कडा, चाकांवरच्या कमानींची आतली बाजू.

गरम गॅरेजचं मात्र अजिबात पटलं नाही. नुसत्या मिठानं लोखंड गंजत नाही, ओल लागते. उणे १५ अंशांत बाहेर उभ्या गाडीखालचा चिखल बराचसा गोठलेला असतो, गंजही मंदावतो. तीच गाडी रात्री उबेत आणली की सगळं वितळून खारं पाणी फटीफटीत मुरतं, आणि ऊब मिळाल्यावर गंज वेगानं चढतो. त्यात साधं मीठ उणे ९ च्या खाली फारसं कामाचं राहत नाही, म्हणून कडाक्याच्या थंडीत रस्त्यावर मॅग्नेशियम किंवा कॅल्शियम क्लोराइडही वापरतात. साधं मीठ हवेतली आर्द्रता ७५ टक्क्यांच्या आसपास गेली की ती ओढून घेऊन पाझरतं, मॅग्नेशियम क्लोराइड ३३ टक्क्यांनाच. वरून कोरडी दिसणारी गाडी खालून ओलीच असते. न धुता उबेत ठेवायची आणि एप्रिलची वाट बघायची, याहून वाईट जोडी मला सुचत नाही.

रत्नागिरीचं म्हणाल, तर तिथं मीठ वाऱ्यानं येतं, पातळ थर बसतो, आणि पावसाळ्यात भरल्या रस्त्यांवरून जाताना गाडी खालूनही फुकटात धुऊन निघते. (खिडक्यांचे गज मात्र तिथंही गंजातून सुटत नाहीत, वडिलांना विचारून बघा.) इथं टायर ते खारं पाणी जोरात गाडीच्या खालच्या बाजूवर मारतात आणि महिनोन्‌महिने धुणारा पाऊस नाही.

एक मुद्दा तुमचा बरोबर: उणे १८ ला धुण्यात शहाणपण नाही. कुलपं गोठतात, दारं रबराला चिकटतात. पारा शून्याच्या वर गेला की त्या दुपारी जावं, दारांची रबरं पुसून त्यांना सिलिकॉन लावावं.

राहिली जाहिरात. महागडं पॅकेज घेऊच नका. नाणी टाकून चालणारी प्रेशरची बंदूक पुरते, फक्त अर्ध्याहून जास्त वेळ ती गाडीखाली धरा. ऑक्टोबरात खालून गंजरोधक तेलाचा फवारा मारून घेणार असाल, तर दारांच्या तळाची पाणी निघायची भोकं बुजलेली नाहीत ना, हे तिथंच उभं राहून बघा.