कात्रणाची मागची बाजू

आईच्या पंचवटीतल्या घराला रंग द्यायचाय म्हणून रविवारी माळा उपसला. पितळी घंगाळ, वात नसलेला स्टो, सुतळीने बांधलेले दिवाळी अंक आणि सगळ्यात खाली माझी कात्रणांची वही. एफवायबीए, १९९०.

आदल्याच आठवड्यात भाच्याला मी ऐकवलं होतं, "आम्ही कॉलेजात असताना रोज तीन-तीन पेपर वाचायचो. तुमचं सगळं रील्सवर." ते तीन पेपर कसे वाचायचो, याचा पुरावाच हाती आला.

घरी गावकरी यायचा. बाबांचा वाचून झाला की आम्हाला मिळायचा, तोवर शब्दकोडं भरलेलं असायचं. मुंबईचे पेपर बघायला कॉलेजातून परतताना सावानात, म्हणजे नाशिकच्या सार्वजनिक वाचनालयात शिरायचो. वाचनालय १८४० सालचं, पण आम्हाला कौतुक तिथल्या पंख्याचं. आणि खरं सांगायचं तर वाट बघायचो ती रसरंग या सिनेमाच्या साप्ताहिकाची. तोही गावकरीवाल्यांचाच, नाशिकचाच. वहीत मात्र रसरंगचा एक कपटाही नाही! वहीतली मी भलतीच गंभीर मुलगी आहे.

त्या ऑगस्टमध्ये बातम्यांना तोटा नव्हता. २ तारखेला इराकने कुवेत घेतलं, ७ तारखेला पंतप्रधान व्ही. पी. सिंगांनी मंडल आयोग लागू करत असल्याचं जाहीर केलं. दहा वर्षं पडून असलेला अहवाल, केंद्राच्या नोकऱ्यांत ओबीसींना २७ टक्के. त्याविरोधात दिल्लीत मुलं रस्त्यावर उतरली, सप्टेंबरात राजीव गोस्वामी या विद्यार्थ्याने स्वतःला पेटवून घेतलं. आमच्याकडे तेवढं पेटलं नाही, राज्यात ओबीसींना थोडंफार आरक्षण आधीपासून होतंच. पण कॉलेज रोडवर चहाच्या टपरीवर दुसरा विषय नसायचा.

आमच्या वादविवाद स्पर्धेलाही तोच विषय आला. मी विरोधी बाजूने बोलले, दुसरं बक्षीस मिळवलं. 'बाजू सरांनी दिली होती', असं मी इतकी वर्षं सांगत आलेय. वहीच्या पहिल्याच पानावर माझ्याच अक्षरात लिहिलंय, 'विरोधी बाजूच हवी, सरांना सांगणे.'

कात्रणं पंचवीस-तीस तरी असतील, आणि सगळी एकाच बाजूची. गुणवत्ता, गुणवत्ता, गुणवत्ता. समर्थनाचं एकही नाही. म्हणजे पेपरांत ते छापूनच येत नव्हतं असं नाही. माझी कात्री तिकडे वळली नाही. वर्गात सिन्नरहून एसटीने येणारा एक मित्र होता, ओबीसी. स्पर्धेनंतर त्याने मला कॅन्टीनमध्ये वडा खाऊ घातला. त्याला काय वाटतं, हे मी त्याला विचारलंही नव्हतं. मला ते सुचलंच नाही, आणि याचीच आज जास्त लाज वाटते.

म्हणून जुन्या पेपरांचं नुसतं कौतुक करणाऱ्यांबद्दल मला आता शंका येते. जपून ठेवलेलं कात्रण त्या काळाबद्दल कमी आणि कापणाऱ्याबद्दल जास्त सांगतं. ग्रंथालयांनी पेपर आख्खे बांधून ठेवावेत, जाहिराती, बाजारभाव, निधनवार्ता सगळ्यासकट, असं माझं ठाम मत झालंय. संगणकावर चढवलेले अंकही चांगलेच, पण तिथे शब्द टाकून शोधलं की तेवढी बातमीच समोर येते, शेजारचं पान कोण उघडतं? तेही कात्रणच.

डिंक वाळून कात्रणं सुटली आहेत, त्यामुळे आता मागची बाजू दिसते. सिनेमाच्या वेळा, अर्धी साडीची जाहिरात, कुठल्याशा परीक्षेचे बैठक क्रमांक. ज्या अग्रलेखाच्या जोरावर मी बक्षीस मिळवलं, त्याच्या मागे वाचकांच्या पत्रांचा तुकडा आहे. दिंडोरी तालुक्यातल्या कुणा मुलाचं पत्र. त्याच्या घरातून कॉलेजात गेलेला तो पहिलाच, आणि मंडलमुळे आपल्याला काय मिळेल ते तो सांगायला लागलाय. दीड ओळ वाचता येते. पुढे माझी कात्री चाललीय.