बादली कुठे ओतायची?

आज दुपारी सांगलीच्या विश्रामबागेत एका साखरपुड्याच्या पंगतीत मुंबईहून आलेले एक पाहुणे जिलेबी तोडत आम्हा जतच्या माणसांना दुष्काळावरचा उपाय सांगत होते. "एवढा समुद्र पडलाय! पाणी गोडं करायचं, पाइप टाकायचा, जत काय आणि माण काय, सगळं हिरवं. इच्छाशक्ती पाहिजे फक्त." चार जणांनी माना डोलावल्या. मी पाहुण्यांचा मान राखून गप्प बसलो. ते गप्प बसणे घरी येईपर्यंत घशाशीच राहिले, म्हणून हे लिहितो आहे.

जतच्या आमच्या घरी बोअरचे पाणी इतके जड आहे की डाळ शिजत नाही. चार वर्षांपूर्वी आईसाठी मी फिल्टर बसवला. त्याच्या एका नळीतून पिण्याचे पाणी येते आणि दुसरीतून टाकाऊ. उन्हाळ्यात टँकरमागे कळशी घेऊन धावलेल्या बाईला पाणी गटारात सोडणे जमणारच नव्हते. तिने दुसऱ्या नळीखाली बादली लावली आणि रोज संध्याकाळी ती तुळशीला घालू लागली. दोन महिन्यांत पानांच्या कडा करपल्या, वृंदावनातल्या मातीवर पांढरी पापडी धरली. आईने ती नखाने खरवडून जिभेला लावली आणि म्हणाली, "पाण्यातनं काढलंस ते गेलं कुठं? हितंच आलं की."

समुद्राच्या एक लिटर पाण्यात सुमारे 35 ग्रॅम क्षार असतात. शंभर लिटर खेचावे तेव्हा चाळीस-पंचेचाळीस लिटर गोडे हाती लागते आणि उरलेले, जवळजवळ दुप्पट खारे झालेले पाणी प्रक्रियेतल्या रसायनांसह पुन्हा समुद्रात सोडले जाते. ते जड असल्यामुळे नीट मिसळले नाही तर तळाशी बसते, आणि पाणी खेचतानाच माशांची अंडी-पिल्ले आत ओढली जातात ती वेगळीच. म्हणजे आईचीच बादली, फक्त ती कोळ्यांच्या दारात ओतायची.

आता खर्च. हजार लिटर पाणी गोडे करायला साधारण तीन ते चार युनिट वीज लागते. तेच पाणी सह्याद्री चढवून सहाशे मीटरवर आणायचे तर आणखी दीड युनिटाहून जास्त, आणि त्यात पंपांची व पाइपांची घट धरलेली नाही. कृष्णेचे पाणी उचलणाऱ्या म्हैसाळ-टेंभू उपसा योजनांच्या वीजबिलाचे 81 टक्के सरकारने आणि 19 टक्के शेतकऱ्यांनी भरायचे ठरले, तरी थकबाकीपायी पंप थांबल्याचे आपण सर्वांनी पाहिले आहे. ज्यांना नदीचे बिल झेपत नाही, त्यांना समुद्राचे बिल झेपेल?

खरा संताप पुढेच आहे. शेजारच्या सातारा जिल्ह्यातल्या कोयनेचे वर्षाला 67.5 टीएमसी (अब्ज घनफूट) पाणी कृष्णा पाणीवाटप लवादाने पश्चिमेकडे वळवू दिले आहे. म्हणजे सरासरी दिवसाला पाचशे कोटी लिटरांहून अधिक गोडे पाणी वीज करून वाशिष्ठीत आणि तिथून अरबी समुद्रात जाते. मुंबई महापालिकेने समुद्राचे पाणी गोडे करायला मनोरीला योजलेल्या प्रकल्पाची सुरुवातीची क्षमता दिवसाला वीस कोटी लिटर! गोडे पाणी समुद्राला द्यायचे आणि खारे झाल्यावर पैसे मोजून परत मागायचे, याला आमच्याकडे शहाणपण म्हणत नाहीत. त्या पाण्यावर राज्याला वीज मिळते, हे कबूल. चेन्नईने मिंजूर आणि नेम्मेलीला असे प्रकल्प उभारले आणि इस्रायलला दुसरा मार्ग नव्हता, हेही कबूल. पण चेन्नई समुद्रकाठीच आहे, तिच्या वाटेत घाट नाही.

लिहिता लिहिता राग थोडा उतरला. पाहुणे मनाने वाईट नाहीत. 2016 मध्ये मिरजेहून लातूरला पाण्याची रेल्वे गेली, तेव्हा मुंबईत बातम्या पाहून आपल्याला वाईट वाटल्याचे तेच सांगत होते. आईने फिल्टरबद्दल मला कधी बोल लावला नाही. तिने नवी तुळस लावली आणि तिच्यासाठी पन्हाळीखाली पिंप ठेवले. टाकाऊ पाण्याने ती आता फरशी पुसते, तरी रोज अर्धी बादली उरतेच. पाहुणे जतला आले की त्यांना त्याच फिल्टरचे गार पाणी देईन आणि ती बादली उचलून त्यांच्याच हातात ठेवीन.