मिसिसिपीत फेकलेले खिळे

माझे वडील छापखान्यात खिळे, म्हणजे छपाईची शिशाची सुटी अक्षरं, जुळवायचे. एकदा जुळवलेलं अख्खं पान हातातून निसटलं, तेव्हा रात्री उशिरापर्यंत ते जमिनीवर बसून एकेक खिळा उचलत होते. म्हणून जेन ग्रे स्विसहेल्म या अमेरिकी पत्रकार बाईची गोष्ट वाचताना माझ्या पोटात गोळाच आला.

साल १८५८. मिनेसोटाला अजून राज्याचा दर्जाही मिळाला नव्हता. मिसिसिपीकाठच्या सेंट क्लाउड या नव्या वसाहतीत ही बाई नवऱ्याला सोडून, लहान मुलीला घेऊन आलेली. तिथे ती 'सेंट क्लाउड व्हिजिटर' हे वृत्तपत्र चालवायची. गावचा बडा पुढारी सिल्व्हानस लोरी गुलाम बाळगून होता, तेही गुलामगिरीला बंदी असलेल्या मुलखात. तिने त्याच्यावर सडकून लिहिलं. २४ मार्चच्या रात्री लोरीच्या बाजूच्या लोकांनी तिचा छापखाना फोडला आणि खिळे नदीत फेकले.

लोक तिच्या पाठीशी उभे राहिले, नवं यंत्र आलं. मग तिच्या पत्रावर बदनामीचा खटला. पाठीराखे अडचणीत येऊ नयेत म्हणून तिने कबूल केलं की 'व्हिजिटर'मध्ये या प्रकरणाबद्दल पुन्हा अवाक्षर येणार नाही. शब्द पाळला! 'व्हिजिटर' बंद केलं, 'सेंट क्लाउड डेमोक्रॅट' काढलं आणि त्यात सगळं लिहिलं. याच बाईने १८५० मध्ये अमेरिकी सिनेटच्या पत्रकार कक्षात बसायचा हक्क मिळवला होता. तिच्याआधी तिथे एकही स्त्री बसली नव्हती.

कौतुक करून इथेच थांबणं सोयीचं आहे. मला ते जमत नाही.

१८६२ मध्ये मिनेसोटातल्या डकोटा या मूळ रहिवाशांना सरकारशी झालेल्या जमिनीच्या करारातले पैसे वेळेवर मिळाले नाहीत, उपासमार झाली आणि ते उठले. गोऱ्यांच्या वसाहतींतली माणसं मारली गेली. तेव्हा माणसाची खरेदी-विक्री सहन न होणारी हीच बाई आपल्या पत्रातून डकोटांचा निःपात करा म्हणून लिहू लागली. २६ डिसेंबरला मिनेसोटातल्या मंकेटो गावी ३८ डकोटांना एकाच वेळी फाशी दिलं. तरी तिचं समाधान झालं नाही. आणखी कडक शिक्षा व्हाव्यात म्हणून १८६३ मध्ये ती वॉशिंग्टनला गेली. आणि तिथेच राहून यादवी युद्धातल्या जखमी सैनिकांची शुश्रूषा केली.

आपल्याकडे तिचं नाव कुणी घेत नाही. घ्यायला हवं, असं मला मनापासून वाटतं. महिला दिनाला लावा तिचा फोटो. फक्त त्याखाली सिनेट आणि नदीतले खिळे लिहाल, तेव्हा मंकेटोही लिहा.