मत मागण्याआधी घराचा कागद बघा

मुंबईत नगरसेवक व्हायचं नक्की केलंय ना? मग जाहीरनाम्याचं नंतर बघू. आधी प्रभागाची मतदार यादी छापून घ्या, पेन्सिलीला टोक करा आणि प्रत्येक घरासमोर एकच गोष्ट लिहा: या घराच्या कपाटात कुठला कागद आहे? शेअर सर्टिफिकेट, पागडीची पावती, झोपडीचा फोटोपास, म्हाडाचं वाटपपत्र की अकरा महिन्यांचा करार? जात कुठली, गाव कुठलं हे विचारत फिरणारे तुमचे प्रतिस्पर्धी आहेतच, त्यांना फिरू द्या. मुंबईकर पक्ष बदलतो, नेता बदलतो, पण इमारतीला आग लागली तर तो कागदांचा फोल्डर काखेत मारूनच खाली उतरतो.

यात लाजण्यासारखं काही नाही. या महापालिकेचा पायाच तसा आहे. १८७२ साली ६४ जणांची महापालिका झाली, तेव्हा निम्मे सदस्य करदात्यांनी निवडायचे होते. ज्याचा कर नाही त्याला मत नाही. १९२२ मध्ये भाडं भरणाऱ्यांसाठी दार किलकिलं झालं आणि १९४८ ची निवडणूक प्रौढ मतदानाने झाली. म्हणजे ज्याच्या नावावर काहीच नाही त्याला मत मिळायला शहात्तर वर्षं लागली. त्याला घर मिळायची घाई तुम्ही एका टर्ममध्ये कशाला करता?

सुरुवात झोपडपट्टीपासून करा. तिथे मताचं आणि घराचं नातं अगदी शास्त्रशुद्ध आहे. झोपु, म्हणजे झोपडपट्टी पुनर्वसन योजनेत पात्र ठरायचं तर अमुक तारखेआधी इथेच राहत होतो हे दाखवावं लागतं आणि त्याचा मानाचा पुरावा म्हणजे त्या काळातल्या मतदार यादीतलं नाव. पत्ता असल्याशिवाय यादीत नाव नाही, यादीत नाव असल्याशिवाय पक्का पत्ता नाही. माणूस मत देतो ते नुसतं सरकार निवडायला नव्हे, पावती जमा करायला. म्हणून तर तिथल्या मतदान केंद्रावर सकाळी सातला रांग असते आणि टॉवरमधला मतदार लोणावळ्याला असतो.

जाल ते संध्याकाळी जा, पण नळाची वेळ चुकवून. बाई कपाटावरची पिशवी काढतील. त्यात वीजबिल, रेशनकार्ड, सर्व्हेची पावती आणि मतदार यादीच्या पानाची झेरॉक्स निघेल, घडीवर फाटलेली, मागून सेलोटेप लावलेली. तुम्ही चष्मा लावा, कागद ट्यूबलाइटकडे धरा आणि हळूच म्हणा, "ताई, नाव बरोबर आहे, पण सासऱ्यांच्या नावात काना राहिलाय." बाईंना हे माहीत असतं. त्या एका कान्यावरून परिशिष्ट-२ मध्ये, म्हणजे पात्र-अपात्रांच्या यादीत, त्यांच्या नावापुढे 'अपात्र' लागलेलं असतं आणि अपिलाच्या तीन फेऱ्या झालेल्या असतात. तुम्ही फक्त म्हणायचं, "बघतो मी." तो काना म्हणजे तुमचं डिपॉझिट आहे. मतदानाआधी दुरुस्त करून देऊ नका.

तारखांचं गणित मात्र पाठ हवं. १९९५ च्या विधानसभेला शिवसेना-भाजप युतीने मुंबईत चाळीस लाख लोकांना मोफत घरं देण्याचं वचन दिलं आणि सरकार आलं. तेव्हा झोपडीच्या संरक्षणाची तारीख १ जानेवारी १९९५ होती. ती पुढे १ जानेवारी २००० झाली. मग २०११ पर्यंतचे लोकही आत आले, पण सशुल्क, अडीच लाख रुपये भरून. दरवेळी ही अखेरची मुदत असं सांगितलं जातं आणि दरवेळी तिच्यापुढे राहणारे काही लाख लोक तिच्याकडे आशेने बघत बसतात. क्षेत्रफळाचंही तेच: २२५ चौरस फूट, मग २६९, मग ३००. तारीख आणि फूट, दोनच खुंट्या. एक पिळून झाली की दुसरी पिळायची.

एक जागा जपून. पोटमाळ्यावर आणि वरच्या मजल्यावर राहणारा मतदार असतो, पण नेहमीच्या झोपु योजनेत त्याला घर धरलेलं नसतं. खालचा पात्र, वरचा अपात्र, आणि जिना एकच. तिथे गेलात तर भाषण खाली करा आणि नमस्कार वर.

आता दक्षिण मुंबईतल्या पागडीच्या इमारती, म्हणजे एकदाच मोठी रक्कम देऊन नाममात्र भाड्यावर घेतलेल्या खोल्या. इथे बेरीज-वजाबाकी येत असली तरी पुरे. मालक एक, भाडेकरू चाळीस. १९४७ च्या भाडे नियंत्रण कायद्याने भाडं १९४० च्या पातळीला बांधून ठेवलं, आणि जो कायदा थोड्या दिवसांसाठी म्हणून आला होता त्याला मुदतवाढी मिळत गेल्या. १९९९ ला नवा कायदा आला तोही या चाळीस जणांकडे बघूनच. मालक भाड्यात रंगही काढू शकत नाही, म्हणून इमारत पडायला येते. पडायला येते म्हणून म्हाडाचे टेकू लागतात. टेकू लागले की उमेदवार येतो. लोखंडी टेकूखालून वाकून आत जायचा सराव आधी घरी करा. फोटो चांगला येतो. मालकाला भेटायचं असेल तर फोनवर भेटा. त्याचं मत बहुतेक दुसऱ्याच मतदारसंघात असतं, त्याचं महत्त्व वेगळ्या कारणासाठी.

सोसायट्यांकडे वळताना आवाज खाली आणा आणि चपला बाहेर काढा. इथला मतदार स्वतःला करदाता म्हणवतो आणि त्याची सगळ्यात लाडकी मागणी कर माफ करा ही असते. ५०० चौरस फुटांपर्यंतच्या घरांच्या मालमत्ता कराची गोष्ट तुम्ही धड्यासारखी वाचा. २०१७ च्या पालिका निवडणुकीत वचन. २०१९ मध्ये माफी, पण फक्त सर्वसाधारण कराची; मालमत्ता कराच्या बिलात बाकीचे आठ-नऊ प्रकारचे कर असतात ते तसेच राहिले, आणि लोक बिल हातात धरून विचारू लागले की माफ काय झालं? मग पूर्ण माफीची घोषणा, १ जानेवारी २०२२ ला, पालिकेची मुदत संपायला दोन महिने असताना. एका वचनावर दोन घोषणा आणि मधल्या काळात चिडायलाही विषय. याला म्हणतात पीक घेणं.

फक्त ४६.४५ चौरस मीटरच्या, म्हणजे ५०० फुटांच्या रेषेवर लक्ष ठेवा. ४९८ फुटांचा माणूस तुम्हाला चहा देईल, ५०५ वाला दार अर्धंच उघडेल. त्याला "सातशेपर्यंत नेतो" असं सांगा. कुठून नेणार ते तो विचारत नाही.

सोसायटीत पुनर्विकास चालू असेल तर मात्र पाय जपून टाका, उमेदवार इथेच पडतात. सहकारी संस्था कायद्याच्या कलम ७९ (अ) खालचा ४ जुलै २०१९ चा शासन निर्णय म्हणतो की विकासक निवडायच्या सभेला दोन तृतीयांश सभासद हजर हवेत आणि ५१ टक्क्यांची संमती पुरे. नवखा उमेदवार चेअरमनच्या घरी पोहे खातो आणि ५१ टक्के खिशात आले असं समजून उठतो. उरलेल्या ४९ टक्क्यांचं डोकं त्याच्या लक्षात येत नाही. त्यांच्या दृष्टीने देश, राज्य, महापालिका हे सगळं सेक्रेटरीने वाढीव कार्पेट एरियात केलेल्या घोटाळ्याच्या पुढचे विषय आहेत. चेअरमन ज्याच्या बाजूने, त्याच्या विरोधात ते डोळे मिटून बटण दाबतात. म्हणून पोहे 'ए' विंगमध्ये, चहा 'बी' विंगमध्ये, आणि कॉर्पस, भाडं, ब्रोकरेज हे शब्द निघाले की "माझ्या सासऱ्यांच्या सोसायटीतही हेच" म्हणून उठायचं. लेटरहेडवर काहीही लिहून देऊ नका. गेटजवळ स्वतःचं नाव घातलेलं बाकडं द्या. बाकड्यावर दोन्ही गट बसतात.

इमारत पाडली तरी घाबरू नका. इमारत जाते, नाव राहतं. १९५० च्या लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम २० प्रमाणे माणूस तात्पुरता बाहेर राहायला गेला म्हणून त्याचं सर्वसाधारण रहिवासीपण संपत नाही. तात्पुरता म्हणजे किती, हे विकासकाच्या हातात. बीएलओ, म्हणजे मतदार यादी तपासणारा कर्मचारी, पडताळणीला येतो तर समोर पत्र्याचं कुंपण आणि आत पावसाने भरलेला खड्डा. त्या खड्ड्याची शे-दीडशे मतं विरार, बदलापूर, डोंबिवलीला विखुरलेली असतात. त्यांची यादी फोन नंबरांसह आधीच करा आणि मतदानाच्या दिवशी दुपारी दोनच्या आत फोन लावा. विकासकाने भाडं थकवलं असेल तर फोनवर पहिली दहा मिनिटं नुसतं ऐका.

याच कलमाचं पहिलं वाक्य मात्र चुकूनही मोठ्याने वाचू नका. ते म्हणतं की एखाद्या मतदारसंघात घर मालकीचं आहे किंवा ताब्यात आहे एवढ्यावरून माणूस तिथला रहिवासी ठरत नाही. म्हणजे फ्लॅट भाड्याने देऊन ठाण्याला राहणाऱ्या मालकाचं मत ठाण्यात, आणि त्याच्या फ्लॅटमध्ये राहणाऱ्या भाडेकरूचं मत तुमच्या प्रभागात. कायदा असा उलटा असला तरी तुम्ही सुलट वागा. भाडेकरूला सोसायटीच्या सभेत बसता येत नाही, त्याच्यापायी सोसायटी मालकाकडून सेवाशुल्काच्या फार तर दहा टक्के जास्त घेते, आणि पत्ता बदलायचा नमुना ८ भरून यादीत नाव नव्या पत्त्यावर येईपर्यंत त्याचा अकरा महिन्यांचा करार संपत आलेला असतो. रस्त्यातला खड्डा त्याच्याच दुचाकीला लागतो, पाणी त्यालाच कमी येतं. पण मतदार स्लिप वाटणारी पोरं दारावर टकटक करून विचारतात, "मालक आहेत का?" नाही म्हटलं की पुढच्या दारात. त्यांना शिकवायला लागत नाही, उपजतच येतं.

राहता राहिली ब्रिटिश काळात सरकारने बांधलेली बीडीडी चाळ, म्हणजे संयमाचं विद्यापीठ. वरळी, नायगाव, ना. म. जोशी मार्ग आणि शिवडी मिळून २०७ इमारती, शंभर वर्षांच्या आसपासच्या, खोली १६० चौरस फुटांची. तिच्याऐवजी ५०० फुटांचं घर. भूमिपूजन २०१७ ला, वरळीतल्या पहिल्या साडेपाचशे चाव्या ऑगस्ट २०२५ ला. मधल्या आठ वर्षांत नुसत्या नारळांचा हिशोब ठेवला असता तरी प्रचाराचं साहित्य झालं असतं. पण चावी दिली की सावध. काल सार्वजनिक नळासाठी तुमच्यामागे येणारा माणूस उद्या चोविसाव्या मजल्यावरून पार्किंग मागतो, खालचे फेरीवाले हटवा म्हणतो आणि शेजारच्या झोपड्यांना मोफत घरं का देता म्हणून पत्र लिहितो. घर मिळणार असलेला मतदार तुमचा कार्यकर्ता असतो. घर मिळालेला तुमचा लेखापरीक्षक. चाव्या शक्यतो टप्प्याटप्प्याने द्या.

शेवटचं, तुमच्या स्वतःच्या घराबद्दल. अर्ज भरण्याआधी गच्चीवर एक चक्कर मारा. मुंबई महापालिका कायद्याच्या कलम १६ (१ ड) प्रमाणे नगरसेवकाने, त्याच्या पत्नीने वा पतीने किंवा त्याच्यावर अवलंबून असलेल्याने अनधिकृत बांधकाम केलं असेल तर पद जातं. प्रतिस्पर्ध्याकडे तुमच्या त्या पत्र्याच्या शेडचा फोटो आहेच. शेड पाडणं जिवावर येत असेल तर ती मेहुण्याने बांधली असं म्हणता येतं का बघा. मात्र मेहुणा कमावता हवा.