अठरावा छर्रा

सायकलचं मागचं चाक हल्ली कण्हायला लागलं होतं. हाताने फिरवलं की हबमध्ये, म्हणजे चाकाच्या मधल्या तुंब्यात, कुणीतरी वाळू दळतंय असं वाटे. ‘हब म्हणजे काय, दोन नट आणि थोडं ग्रीस!’ असं म्हणत मी डावा लॉकनट सोडवला, त्याने जागी धरलेला कोन, म्हणजे आसेवरचा शंकूसारखा नट, काढला आणि ऐटीत आस ओढली. पुढचं अर्धं मिनिट फरशीवर नुसता टपटपाट.

छर्रे. पाव इंची. एका बाजूला नऊ, म्हणजे दोन्हीकडचे मिळून अठरा. सापडले सतरा.

कपाटाखाली पाहिलं, चपला झटकल्या, पायपुसणं उलटं केलं. दोऱ्याला लोहचुंबक बांधून पलंगाखाली फिरवला, तर गेल्या वर्षी जिच्यावरून घरात महाभारत झालं होतं ती सुई निघाली. छर्रा नाही.

शेवटी सायकलवाल्या मित्राला फोन केला. तो म्हणाला, “अरे, शोधतोस कशाला? बदलायचे तर सगळे बदल. जुन्यांत एकटा नवा घातलास तर झिजलेल्यांपेक्षा तोच जाड ठरणार, सगळा भार त्याच्या बोकांडी.” म्हणजे कचेरीत नव्या कारकुनाचं होतं तेच. “आणि कोन बघ जरा.” बघितले. जिथे आरशासारखं गुळगुळीत हवं, तिथे देवीच्या व्रणांसारखे खड्डे. कप, म्हणजे छर्रे बसतात त्या हबमधल्या वाट्या, तेवढे शाबूत होते, नाहीतर सगळा हबच गेला असता.

नवे कोन आणि नवे छर्रे आले. कपात ग्रीस थापून नऊ बसवले, तरी एक फट उरलीच. मला दहाव्याचा मोह झाला. कोंबून पाहिला, तर पठ्ठ्या बाकीच्यांच्या वर डोकं काढून बसला. ती फट मुद्दामच ठेवलेली असते, छर्ऱ्यांना एकमेकांवर न घासता फिरता यावं म्हणून, हे मला त्यानंतर कळलं.

खरा छळ पुढेच होता. कोन जरा आवळला की चाक अडतं, जरा सैल केला की लटपटतं. दोन पातळ पाने, दोनच हात, आणि लॉकनट कसताना कोन हमखास सोबत फिरणार. अकराव्या खेपेला चाक लोण्यासारखं फिरलं. मी ते फ्रेममध्ये बसवून क्विक रिलीजचा, म्हणजे पान्याशिवाय चाक आवळायचा, दांडा आवळला, आणि पुन्हा जड! हा दांडा आसेला दोन्हीकडून किंचित दाबतो. त्यामुळे चाक बाहेर असताना अगदी केसभर लटपट ठेवायची, दांडा ती गिळून टाकतो. तेही जमवलं. वाळू दळणं थांबलं.

फक्त चाक सावकाश फिरवलं की हबच्या पोटातून ‘टिक्’ असा एक आवाज येऊ लागला. दर फेऱ्याला एकदा. कप पुसताना मधल्या नळीतल्या जुन्या ग्रीसमध्ये बोट घालायचं मला सुचलंच नव्हतं.

मी पाने परत काढले. या खेपेला खाली चादर अंथरली.